जास्तीचा पाव सेकंद

१

रोज दुपारी बाराला मुनीर आधी पंखे बंद करायचा, मग रस्त्याकडचं दार ओढून घ्यायचा आणि मगच कॉम्प्युटर चालू करायचा. तीन वर्षांत हा क्रम कधी बदलला नव्हता. पंख्याची घरघर माणसाच्या कानाला सवयीची होऊन जाते, माइकला होत नाही. आणि बारा ते तीन एवढाच वेळ असा होता की राजूरात लाइट टिकायची आणि शेजारची पिठाची गिरणी बंद असायची.

भोकरदन रस्त्याच्या कडेचं ते पूर्वीचं बियाण्यांचं गोदाम. मुनीर आणि तातेराव या दोघांनी ते घेऊन मधोमध विटांची भिंत घातली होती आणि भिंतीत दोन बाय तीन फुटांची काच बसवली होती. काचेपलीकडची खोली गाणाऱ्याची. तिच्या चारी भिंतींना कापसाच्या गाद्या ठोकलेल्या, छताला अंड्यांचे ट्रे. आत गेलं की आवाज इतका कोरडा व्हायचा की आपलाच आपल्याला ओळखू येऊ नये. खिडकी नाही. दार एकच, तेही बाहेरच्या खोलीत उघडणारं.

मुनीर मूळचा हसनाबादचा, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा. तातेराव मूळचा केदारखेड्याचा, आता राजूरातच राहणारा, भजनात पेटी वाजवता वाजवता कीबोर्डवर आलेला. यंत्र मुनीरचं, संगीत तातेरावचं. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला माणूस लोटायचा आणि देवाच्या गाण्यांच्या कॅसेटी हातोहात खपायच्या.

कामाची रीत ठरलेली होती. आधी तातेराव सगळा साज कीबोर्डवर वाजवून कॉम्प्युटरात भरायचा. हे भरणं आवाजाचं नव्हे. त्याला मिडी म्हणत, आणि ती नुसती चिठ्ठी असायची: अमुक वेळेला अमुक पट्टी, एवढ्या जोरानं. ती चिठ्ठी वाचून कीबोर्ड आपलं आपण वाजायचं. जोडीला आतून गाणाऱ्याचा खरा आवाज भरला की गाणं तयार.

मेख एकच. चिठ्ठी चालायची कॉम्प्युटरच्या घड्याळावर, आणि आवाज मोजला जायचा साउंड कार्डातल्या वेगळ्याच घड्याळावर. एका घरात दोन घड्याळं असली की एक पुढं, एक मागं चालणारच. पाच मिनिटांच्या गाण्यात शेवटी आवाज साजाच्या मागं पडायचा, सेकंदाच्या विसाव्या भागानं. मुनीर तेवढा आवळून घ्यायचा. घड्याळ लबाड असलं तरी चालतं, तो म्हणायचा, पण रोज तेवढंच लबाड पाहिजे.

दोन हजार एकच्या मार्चात ते तेवढंच राहिलं नाही.

२

त्या दिवशी साळूबाई गायला आल्या होत्या. केदारखेड्याच्या भजनी मंडळातल्या, पन्नाशीच्या, तालाला इतक्या पक्क्या की तातेराव त्यांच्यावरून आपलं वाजवणं तपासायचा. गाणं एका दमात झालं. बाई तांब्याभर पाणी पिऊन एसटीला गेल्या. मुनीरनं साज आणि आवाज एकत्र लावून ऐकला आणि शेवटच्या कडव्यात त्याच्या कपाळाला आठी पडली.

"तातेराव, बाई मागं पडून राह्यल्या."

"साळूबाई?" तातेराव हसला. "त्या न्हाई पडत. तुमचं मशीन पडलं असंल."

मशीन पडलं असतं तर ते थोडं थोडं पडत गेलं असतं. मुनीरनं पडद्यावर आवाजाची रेघ मोठी करून पाहिली. तिसऱ्या कडव्यापर्यंत सगळं बराबर होतं. चौथ्यापासून आवाज एकदम पाव सेकंद मागं. मधल्या जागेत, एक ओळ संपून दुसरी सुरू होते तिथं, कुणीतरी पाव सेकंदाचं ठिगळ लावावं तसा एक तुकडा होता. त्याच्या दोन्ही कडांना रेघ किंचित तुटलेली.

कॉम्प्युटर मधेच अडखळला असेल, मुनीर स्वतःशी म्हणाला. त्यानं तो तुकडा कापून टाकला, दोन टोकं जुळवली, गाणं सरळ झालं.

पुढच्या आठवड्यात दुसरे गायक आले. त्यांच्याही गाण्यात, तिसऱ्या कडव्यानंतर, पाव सेकंद.

मुनीरनं जालन्याहून नवं साउंड कार्ड आणलं. खर्च झाला तो झाला. नव्या कार्डावर पहिलंच गाणं भरलं आणि त्यानं गाणं न ऐकता सरळ ती जागा गाठली. तुकडा होता.

३

तोपर्यंत त्यानं ते तुकडे पाहिले होते, ऐकले नव्हते. पाव सेकंदात ऐकण्यासारखं काय असतं? पण तिसऱ्या वेळी त्यानं हेडफोन लावला, आवाज पूर्ण वाढवला आणि तेवढाच तुकडा फिरवून फिरवून वाजवला.

त्यात तातेरावचा आवाज होता.

शब्द नव्हता. "ए" एवढंच. पण तीन वर्षं रोज ऐकलेला आवाज माणूस चुकत नाही. प्रत्येक गाण्याआधी तातेराव टेबलावरच्या छोट्या माइकमधून आत सांगायचा, "एक, दोन, तीन, चार, हां, सोडा." गाणाऱ्याच्या हेडफोनात ते ऐकू जायचं. त्यातला पहिला "ए" होता तो. कुठंतरी मेमरीत अडकून राहिलेला जुना तुकडा असेल, हे मुनीरला पटलंही असतं. पण त्या "ए"मध्ये काहीतरी उलटं होतं. दहा-बारा वेळा ऐकल्यावर त्याच्या लक्षात आलं. श्वास बाहेर सोडताना आपण बोलतो. हे श्वास आत ओढताना बोललेलं होतं.

त्यानं मान वर केली. तातेराव शेजारच्या खुर्चीत बसून कीबोर्डची वायर गुंडाळत होता.

"काय ऐकून राह्यले इतकं?"

"काही न्हाई," मुनीर म्हणाला आणि आवाज बंद केला.

का कोण जाणे, खरं सांगावंसं वाटलं नाही. तातेराव गेल्या महिन्यात दोन सोमवार औरंगाबादला गेला होता, कुण्या स्टुडिओवाल्याकडं. मुनीरला ते गिरणीवाल्याकडून कळलं होतं. दुकानाची एक किल्ली तातेरावकडं असायची. गाणी बिघडली, मशीनचं नाव खराब झालं, तर भागी मोडायला निमित्त बरं मिळतं. असा विचार आल्यावर मुनीरला स्वतःचीच लाज वाटली. पण आलेला विचार गेला नाही.

४

त्यानं कुलूप बदललं. "जुनं गंजलं होतं," एवढंच तातेरावला सांगितलं, नवी किल्ली काही दिली नाही. तातेराव त्यावर काही बोलला नाही. त्याचं न बोलणंही मुनीरनं मनात नोंदवून ठेवलं.

मग महेमूदला बोलावलं. महेमूद भोकरदनचा ढोलकीवाला, मुनीरचा मावसभाऊ.

"गाना न्हाई, काही न्हाई," मुनीर म्हणाला. "पाच मिनिटं नुसता ठेका धर. बीच में रुकना नै. एक थाप बी सोडू नको."

महेमूद आत बसला. मुनीरनं तातेरावला आपल्या शेजारी बसवलं, माइकपासून दूर, आणि पाच मिनिटं पडद्याकडं न बघता त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. तातेरावच्या गालात सुपारी होती. तो मान डोलावत होता. स्पीकरवर ढोलकी एकसारखी वाजत होती, दोघांनीही ती ऐकली, कुठं खंड नाही.

"कडक," तातेराव म्हणाला.

मुनीरनं फाइल उघडली. पावणेतीन मिनिटांच्या पुढं, दोन थापांच्या मधे, पाव सेकंदाची मोकळी जागा. महेमूदनं न सोडलेली. त्यानं हेडफोन लावला.

"एक." आता "क" पण होता. श्वासही आता बाहेर पडत होता, फक्त शेवटी जरा जास्त पडत होता, फुंकर मारल्यासारखा.

शेजारी तातेराव शांतपणे सुपारी चघळत होता.

५

मूळ रेकॉर्डिंगच्या सीडी मुनीर जपून ठेवायचा. त्या सगळ्या काढून त्यानं मार्चपासूनचे अकरा तुकडे वेगळे केले आणि एकापुढं एक जोडले. ते सगळं मिळून तीन सेकंदही भरत नव्हतं. त्यानं घरून डबा आणून दार आतून लावलं, आणि तीन सेकंद सबंध दुपार ऐकले.

पहिल्या तुकड्यात तो आत ओढलेला "ए". दुसऱ्यात तोच, जरा वरच्या पट्टीत. तिसऱ्यात "ए"च्या मागं जीभ कुठंतरी आपटल्याचा आवाज, तोंडात ती कुठं ठेवायची हे ठाऊक नसलेल्या माणसाचा. पुढं "एक". मग "दो". मग "दोन", पण "न" लांबलेला. नवव्या तुकड्यात "तीन" स्वच्छ. अकराव्यात "चार, हां", आणि त्यात तातेरावची ती सवय सुद्धा होती, "हां" म्हणताना नाकात किंचित हसण्याची.

हे कापून चिकटवलेलं नव्हतं. कापलं असतं तर सगळं एकसारखं असतं. हे सुधारत गेलं होतं. लहान लेकरू बोलायला शिकतं तसं. फक्त लेकराला स्वतःचा आवाज असतो, आणि याला शिकायलाच दुसऱ्याचा लागला होता.

मुनीरनं काचेतून आतल्या खोलीकडं पाहिलं. माइकचा स्टँड, बसायचं स्टूल, गाद्या. गाद्यांवर साळूबाईंच्या पाठीचा तेलकट डाग. एवढंच.

६

न सांगून भागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं तातेरावला हेडफोन दिला. तातेरावनं दोनदा ऐकलं आणि हेडफोन हळूच टेबलावर ठेवला. त्याचा चेहरा उतरला होता, पण बोलला तेव्हा आवाज कडक होता.

"माझा आवाज माझ्या पाठीमागं कापत बसता व्हय?"

"तातेराव, मी कशाला..."

"मंग कोण? मला कीबोर्ड येतो. हे कापायचं, जोडायचं कुणाला येतं? कुलूप कुणी बदललं? मी काही बोललो न्हाई, म्हणून मला कळत न्हाई का?"

ऐकणाऱ्या कुणालाही तातेरावचंच खरं वाटलं असतं. क्षणभर मुनीरलाही वाटलं, की आपण हे आपल्या हातानं केलं आणि विसरलो तर नाही?

"तुम्हाला वाटून राह्यलं की त्या खोलीत काही हाये," तातेराव म्हणाला. "मंग मीच जातो आत. मीच गातो. तुम्ही बघत बसा. एकदाचा काय तो सोक्षमोक्ष होऊन जाऊ द्या."

"नका जाऊ."

"का? तुम्ही सापडाल म्हणून?"

तो आत गेला, दार ओढून घेतलं. मुनीरनं रेकॉर्डिंग चालू केलं. तातेराव डोळे मिटून गाऊ लागला. त्याचा गळा काही मोठा नव्हता, पण सूर खरा होता. मुनीर काचेला नाक लावून उभा राहिला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसरं संपताना तातेरावनं डोळे उघडले आणि पाठीमागून कुणी हाक मारल्यासारखी मान वळवली. मागं फक्त गादी होती, आणि गादीवर दिव्यानं पडलेली त्याची सावली. तो लगेच पुढं वळला आणि गात राहिला.

सावली त्याच्यानंतर वळली. थोडीच नंतर. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ.

गाणं संपलं. तातेराव बाहेर आला, कपाळाचा घाम पुसला. "बघा."

मुनीरनं बघितलं. साज आणि आवाज पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकाला एक लागून होते. कुठंही तुकडा नव्हता.

"झालं समाधान?" तातेराव म्हणाला आणि नाकात हसला. "चला, चहा घेऊ."

मुनीर त्याच्या मागोमाग हॉटेलात गेला. रेकॉर्डिंग बंद करायचं तसंच राहिलं. वीस मिनिटांनी परत आल्यावर त्यानं ते थांबवलं.

७

त्या दिवसानंतर गाण्यांत कधी फरक आला नाही. पाव सेकंदाचा नाहीच, पण तो जुना, ठरलेला, सेकंदाच्या विसाव्या भागाचाही नाही. दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं तरी साज आणि आवाज हातात हात घालून शेवटाला पोचत. तातेराव खूश होता. भांडण तो विसरून गेल्यासारखा वागत होता. मुनीरला मात्र त्या सरळ रेघांकडं बघवेना. दोन घड्याळं जगात कुठं अशी चालत नसतात. हा फरक कुठंतरी गेला होता, आणि कुठं गेला ते शोधायची त्याला इच्छा नव्हती.

आठवड्याभरात महेमूद त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "भाई, मेरेकू दूसरा काम देखना पडता. तातेरावके साथ ठेका नै बैठरा."

"ते चुकून राह्यले का?"

"चुकते तो संभाल लेता. चुकते नै." महेमूद शब्द शोधत राहिला. "मैं उनके हाथ देख के बजाता ना, हमेशा. अब हाथ नीचे आने के पहले सूर आजाता."

मुनीरनं त्याला वेड्यात काढलं. पण त्यानंतर हॉटेलात चहा घेताना त्याचं लक्ष तातेरावच्या तोंडाकडं जायचं थांबेना. दूरच्या ओढ्यावर बाई धुणं आपटते तेव्हा हात आधी दिसतो आणि आवाज मागून येतो. ते बराबर आहे, आवाजाला यायला वेळ लागतो. इथं उलटं होतं. "अजून एक कट चहा सांगा" हे ऐकू आलं, आणि मग ओठ हलले. फार नाही. पाव सेकंद.

उन्हाचं होतं, झोप होत नाही, डोळे थकले, अशी कारणं मुनीरनं एकामागून एक लावून पाहिली. एकही बसलं नाही.

८

मे महिन्यातल्या एका सकाळी तातेरावची बायको उषाबाई मुनीरच्या घरी आली. ती कधी एकटी येत नसे. मुनीरच्या बायकोनं, मैमूनानं, तिला आत बसवलं, चहा ठेवला. उषाबाईनं चहाकडं पाहिलंही नाही.

"भाऊ, एक विचारू? दुकानात काही झालं का?"

"कशाचं, वहिनी?"

"ते बरे हायेत. जेवतेत, बोलतेत. पोरीचा अभ्यास घेतेत. आधी कधी घेत नव्हते." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मी हाक मारायला तोंड उघडते, तर 'ओ' आधीच येतो. एकदा झालं, दोनदा झालं, मी म्हणलं सवय असते माणसाला. पण काल दुपारी ते पडले होते, मी शेजारी गहू निवडत बसले होते. श्वासाचा आवाज येऊन राह्यला होता. मी सहज बघितलं. आधी आवाज येतो, भाऊ. मंग छाती हालती."

मैमूना दारातच थांबली.

"मी पोरीला आता जवळ झोपवते," उषाबाई म्हणाली. "नवऱ्यावर असा संशय घ्यायचा म्हणजे पाप लागंल मला. पण तुम्ही रोज बसता त्यांच्याजवळ. तुम्हाला काही दिसलं असंल तर सांगा. न्हाई म्हणलं तरी चालंल."

मुनीरला न्हाई म्हणता आलं नाही आणि हो म्हणायचं धाडस झालं नाही. "मी बघतो," एवढंच तो म्हणाला. ती तशीच उठून गेली. मैमूना नवऱ्याकडं बघत राहिली.

"तुमने देखा है," ती म्हणाली. "चेहरे पे दिखरा तुम्हारे."

९

त्याच दुपारी तो एकटाच दुकानात गेला. तातेरावला केदारखेड्याला काम होतं, तो संध्याकाळशिवाय येणार नव्हता. मुनीरनं पंखे बंद केले, दार ओढून घेतलं, आणि तातेरावनं गायलेलं ते गाणं काढलं. त्या दिवशी त्यानं फक्त गाण्यापुरती रेघ पाहिली होती. पुढची वीस मिनिटं, दोघं चहाला गेले तेव्हाची, कुणी ऐकली नव्हती.

गाणं संपलं. दार उघडलं. "बघा," असा बाहेरून तातेरावचा आवाज. "झालं समाधान? चला, चहा घेऊ." दोन जोडी चपला लांब गेल्या. मग शांतता, गाद्यांची, कोंडलेली.

मग माइकच्या अगदी जवळून, हळू आवाजात:

"मुनीरभाई? झालं का?"

मुनीरनं हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबला.

"येऊ का बाहेर? हे दार उघडून न्हाई राह्यलं." काचेवर नखांचा टकटक आवाज. "मुनीरभाई! काचेतून कुणी दिसून बी न्हाई राह्यलं. कुठं गेल्ते की काय..."

आवाज एकदा चिडला, एकदा हसला, मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. शेवटी तो गाण्यातलीच एक ओळ गुणगुणू लागला, माणूस वाट बघताना गुणगुणतो तशी, आणि ओळीच्या मध्यावर फाइल संपली. तिथं मुनीरनं परत येऊन रेकॉर्डिंग थांबवलं होतं.

त्यानं उठून आतलं दार उघडलं. ते सहज उघडलं. स्टूल, स्टँड, गाद्या. गाद्यांतून मे महिन्याची उष्ण हवा अंगावर आली. तो कोपऱ्याकोपऱ्यात हात फिरवून आला.

बाहेर येऊन बसल्यावर त्याला दुसरीच शंका आली. मार्चपासून या खोलीत कुणीतरी तातेरावचा आवाज घोटत होतं. मग आत जे बोलतंय ते तातेराव कशावरून? बाहेर जो फिरतो तोच खरा, जरा आजारी असेल, आणि आतलं हे अजून शिकतंय, आता विनवण्या करायला शिकलंय, असं का नसेल?

त्यानं रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि टेबलावरच्या माइकमधून विचारलं, "तातेराव, तुम्ही हायेत का?" स्पीकरवर काही नाही. काचेपलीकडं काही नाही. त्यानं थांबवून मागं नेलं आणि वाजवलं.

गुणगुणणं जिथं तुटलं होतं तिथूनच ते पुढं सुरू झालं. ओळ पूर्ण झाली. मग: "हां मुनीरभाई, हाये ना. किती वेळ लावला! मला वाटलं चहाला गेले मला सोडून."

आत वीस मिनिटांच्या वर वेळ गेलाच नव्हता.

मुनीरनं पुन्हा रेकॉर्डिंग चालू केलं. काय विचारावं, त्याला कळेना. खरं-खोटं ठरवायचा एकही प्रश्न त्याच्याकडं नव्हता. जे तातेरावला ठाऊक, ते दोघांनाही ठाऊक असणार. शेवटी तो म्हणाला, "तातेराव, बाहेर एकजण हाये. तुमच्यासारखाच. तुमच्या घरी राहून राह्यला. मी घरी काय सांगू?"

एक मिनिट तो घड्याळाकडं बघत बसला. मग त्यानं थांबवलं, मागं नेलं. हेडफोन घामानं भिजला होता, म्हणून त्यानं स्पीकर लावला.

तेवढ्यात रस्त्याकडचं दार उघडलं. तातेराव उन्हातून आत येऊन उभा राहिला. मुनीरचं बोट तोपर्यंत बटणावर दाबलं गेलं होतं.

स्पीकरमधून आधी मुनीरचाच प्रश्न आला. मग आतला एक लांब श्वास. आणि मग दोन आवाज एकदम बोलू लागले, एक स्पीकरमधून, एक दारातून, अक्षराला अक्षर लागून, मधे सुताचाही फरक नाही:

"घरी सांगा, त्याला आत घेऊ नको म्हणावं. तो मी न्हाई. पोरीला त्याच्या..."

मुनीरनं स्पीकरची वायर उपटली.

दोन्ही आवाज एकदम तुटले. दारात तातेराव उभा होता, आणि त्याचे ओठ मात्र अजून हलत होते. सावकाश, आवाजाशिवाय, ते उरलेलं वाक्य बोलून घेत होते. मग तेही मिटले. तो मुनीरकडं बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कुणाचं, हे मुनीरला सांगता आलं नसतं.

मुनीर त्याच्या अंगाला अंग लागू न देता बाजूनं निघाला आणि रस्त्यावर आला. मागं वळला नाही. भर उन्हात तो अर्धं गाव ओलांडून तातेरावच्या घरापर्यंत जवळजवळ पळतच गेला. उषाबाई उंबऱ्याशी पोरीची वेणी घालत बसली होती. त्याला बघून तिचा हात थांबला.

"वहिनी, आत जा," त्याला धाप लागली होती. "ते आले तर दार उघडू नका."

"कुणी सांगितलं?"

मुनीरनं क्षणभर विचार केला. यात तरी खोटं काही नव्हतं.

"तातेरावांनी," तो म्हणाला.

उषाबाईनं त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडं एकदा पाहिलं. मग पोरीला अर्ध्या वेणीनिशी उचललं, आत गेली आणि दार लावून घेतलं. आतून आडसर पडल्याचं मुनीरनं ऐकलं, आणि मगच तो रस्त्याकडं तोंड करून उंबऱ्यावर बसला.